देवरे बाई उभ्या राहिल्या

देवरे बाईंनी मैदानावर कधी शिट्टी वाजवली नाही. मी शिकले त्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि खेळाच्या शिक्षिकेच्या गळ्यात शिट्टी असायचीच असा सगळ्यांचा समज. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलंच, "बाई, शिट्टी कुठंय तुमची?" बाई म्हणाल्या, "शिट्टी कुकरला लागते, साहेब. मला आवाज आहे."

आवाज होताच. मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहून त्यांनी "शेख, गुडघे!" म्हटलं की दुसऱ्या टोकाला पळणारी मी दचकून गुडघे वर उचलायची. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. उंची बेताची, पण उभ्या अशा राहायच्या की त्यांच्याशेजारी उंच माणसालाही आपण वाकलोय की काय असं वाटावं. मी भद्रकालीतल्या एका शिंप्याची मुलगी. खो-खो खेळायला पाठवायला आमच्या घरातून सुरुवातीला नकार होता. बाई दुकानात आल्या, अब्बांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "शेखभाई, तुमची पोरगी वाऱ्यासारखी पळते. वाऱ्याला घरात कोंडून काय करणार?" अब्बांनी मशीन थांबवून विचारलं, "कपडे कैसे सिलने होंगे?" तेवढ्यावर माझं खेळणं ठरलं.

बाईंची काही वाक्यं आमच्या बॅचच्या मुली अजूनही म्हणतात. एखादी पडून रडायला लागली की त्या म्हणायच्या, "रडायचं तर पळता पळता रड, वेळ वाचतो." दम लागून कुणी वाकून उभी राहिली तर म्हणायच्या, "दम लागला ना? म्हणजे दम आहे. नसता तर लागला कुठून असता?" लग्न त्यांनी केलं नव्हतं. शरणपूर रोडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. माहेर नामपूरचं, घरची भाषा अहिराणी. पण ती आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. नोकरीच्या सुरुवातीला कुणीतरी त्यांच्या 'पानी'वर हसलं होतं म्हणे. तेव्हापासून बाईंनी आपला 'ण' असा पक्का केला की आमच्या मराठीच्या बाईसुद्धा त्यांच्यापुढे फिक्या पडाव्यात.

शहाण्णव साल असावं. मी तोवर शिकून पोस्टात लागले होते, लग्न होऊन बाईंच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले होते. फेब्रुवारीत शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या आदल्या दिवशी बाई मैदानावर फक्कीनं रेषा आखत होत्या. सरळ चाललेली रेषा मध्येच उजवीकडे वळली, फक्कीचा डबा सुटला आणि बाई त्या पांढऱ्या भुकटीवर आडव्या झाल्या. पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय गेला आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाचा गेली. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या असतील.

सतरा दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, जीव वाचलाय, आता उरलेलं काम घरी करायचं आहे. किती होईल, किती दिवसांत होईल, ते सांगता येणार नाही. नामपूरहून बाईंची भावजय आली. सुमनवहिनी. शेतात राबून काटक झालेली, नऊवारीतली, कमी बोलणारी बाई. दिवसभर त्या असत, आणि पोस्टातून सुटल्यावर संध्याकाळी मी जायची.

पहिले दिवस सगळ्यात अवघड गेले. बाईंना सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. पाण्याकडे बोट दाखवायच्या, तोंड उघडायच्या, आणि आवाज यायचा तो नुसता घोगरा. ज्या आवाजानं आख्खं मैदान हलायचं, तो एका पेल्यापाशी अडायचा. मग डोळ्यांतून पाणी. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनं एकदा त्यांचा हात धरून सहज मोजायला सुरुवात केली, "एक, दोन..." आणि बाई पुढचं म्हणाल्या, "एक, दोन, एक!" स्पष्ट. आम्ही तिघी थक्क. ती मुलगी म्हणाली, रोज वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं ना, ते कधी कधी आजारातही शिल्लक राहतं. मग आम्ही शोधत गेलो. 'पाणी' येत नव्हतं, 'हो' येत नव्हतं, पण 'सावधान' आणि 'विश्राम' खणखणीत येत होतं. काही दिवस आमचं घर त्या दोन शब्दांवर चाललं. बाईंना काही हवं असलं की "सावधान!", पुरे झालं की "विश्राम!" वहिनी भात वाढायच्या आणि बाई पलंगावरून हुकूम सोडायच्या, "विश्राम!" एकदा आम्हाला हसू आवरेना. बाईंनी आधी रागानं पाहिलं, आणि मग तोंडाच्या एका बाजूनं त्याही हसल्या. आजारपणातलं ते पहिलं हसू.

खरा पहिला शब्द आला तो मार्चमध्ये. दुपारी वहिनी भांडी घासत होत्या. आतून आवाज आला, "पानी." वहिनी हातातलं तसंच टाकून धावल्या. मग दुसरा, तिसरा. "माले." "भाकर." "नको व." बाईंनी तीस वर्षं दाबून ठेवलेली घरची भाषा आधी परत आली. शुद्ध मराठी मागाहून, लंगडत आली. मी संध्याकाळी गेले तर बाई वहिनींशी दोन-दोन शब्दांत बोलत होत्या आणि मला पाहून एकदम गप्प झाल्या. लाजल्या. मी म्हटलं, "बाई, बोला ना. मलाही शिकवा." त्यांनी डोळे मिटून शब्द गोळा केले आणि म्हणाल्या, "शेख... बठ." मी बसले. इतकी वर्षं 'शेख, पळ' ऐकलेल्या मला ते 'बठ' किती गोड लागलं, काय सांगू.

पण शब्द आले म्हणून हातपाय आले नाहीत. बाईंना सगळ्यात टोचायचं ते परावलंबीपण. ब्लाऊजचे हूक दुसऱ्यानं लावायचे, परकराची नाडी दुसऱ्यानं बांधायची. एक दिवस वहिनी नाडी बांधत असताना बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मी पाहिलं. माहेरी जाऊन अब्बांना सांगितलं. रविवारी मी दुकानात गेले तेव्हा ते मोजमापाच्या टेबलाशी उभे होते, उजवा हात पाठीमागे पँटच्या पट्ट्यात खोचलेला, आणि एकट्या डाव्या हातानं समोर लटकवलेल्या ब्लाऊजशी झगडत होते. कपाळावर घाम. "हूक नहीं चलेगा," ते म्हणाले, "टिचबटण भी नहीं. उसको भी दो हाथ लगते." मग त्यांनी मुलांच्या बुटांना असते तसली चिकटपट्टी आणली, पुढून उघडणाऱ्या ब्लाऊजला ती आतून शिवली आणि बाहेरून नुसते शोभेचे हूक लावले, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळू नये. परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घातलं. चार जोड शिवून होईपर्यंत त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "बाईंना सांग, एका हातानं लागलं तर शेखभाई पास."

त्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं. आम्ही बाहेर. आतून बराच वेळ धडपड, एकदा "अरे द्येवा!", पुन्हा शांतता. अर्ध्या तासानं दार उघडलं. साडी नाही, नुसता परकर, ब्लाऊज आणि खांद्यावर टॉवेल. पण सगळं स्वतःचं स्वतः घातलेलं. भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दम लागला होता. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शेखभाई... पास."

असं वाटलं, आता चढणच आहे. पण एप्रिलच्या सुरुवातीला बाई न्हाणीघरात पडल्या. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि बाईंना कुणालाही हाक न मारता जायचं होतं. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. व्यायामाची मुलगी आली की डोळे मिटून घ्यायच्या. जेवण चार घासांवर आलं. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, आम्ही पडल्यावर तुम्ही काय म्हणायचात?" त्यांनी डाव्या हातातली वाटी भिरकावली. ती मला लागली नाही, पण मी पुन्हा तसलं शहाणपण शिकवलं नाही. पडलेल्या माणसाला त्याचीच जुनी वाक्यं ऐकवू नयेत, हे मला त्या वाटीनं शिकवलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका भेटायला आल्या. फळं आणली होती, मायेनं बोलल्या. निघताना म्हणाल्या, "देवरे बाई, काळजी करू नका. मैदानाचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही जमेल तेव्हा या आणि ग्रंथालयात बसा. खुर्चीवरचं काम आहे." त्या वाईट बोलल्या नव्हत्या. पण त्या गेल्यावर बाई जे भिंतीकडे वळल्या ते दोन दिवस.

त्यांना उठवलं ते कांद्यानं, असं म्हटलं तर खोटं नाही. नामपूरला उन्हाळ कांदा काढणीला आला होता. बाईंचे भाऊ एकटे, मजूर मिळत नव्हते. त्यांचे शेजाऱ्याच्या फोनवर निरोप येत. वहिनी ते निरोप ऐकून घेत आणि पुन्हा कामाला लागत, बाईंपुढे चकार शब्द काढत नसत. पण एका संध्याकाळी मी आणि वहिनी ओट्याशी हळू आवाजात बोलत असताना वहिनी म्हणाल्या, "कांदा वावरमा शे, तुम्हना दादा एकटा शे. पन ताईले अशी सोडीसन कशी जाऊ?" पलंग तिथून चार पावलांवर. आम्हाला वाटलं, बाई झोपल्यात.

पलंग करकरला. बाई कुशीवर वळल्या होत्या. डाव्या हातानं पलंगाची कड धरली, डाव्या पायानं उजवा पाय खाली ढकलला आणि उठून बसल्या. कुणाचीही मदत न घेता, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. वहिनींकडे पाहून म्हणाल्या, "तू जाय. मी उठसू."

वहिनी तशा लगेच हलणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून दोघींचं जे सुरू झालं ते पाहायला मी पोस्टातून पळत यायची. पलंग ते दार. दार ते ओटा. ओटा ते न्हाणीघर. वहिनी हात धरत नसत, एक पाऊल मागून चालत, दोन्ही हात तयार ठेवून. बाई उजवा पाय बाहेरून वळसा घालून टाकायच्या, घामानं निथळायच्या. स्वतःच मोजायच्या, "एक, दोन, एक." तीन आठवड्यांनी वहिनींनी परीक्षा घेतली. ओसरीवर जाऊन बसल्या आणि आत पाहून म्हणाल्या, "ताई, माले चहा पाज. मंग मी जास."

बाईंनी एका हातानं स्टोव्ह पेटवायला किती वेळ लावला असेल! काडेपेटी गुडघ्यांत धरली. दोन काड्या मोडल्या. दूध थोडं सांडलं. मी उठायला लागले तर वहिनींनी माझं मनगट धरलं, शेतातला हात तो, हलता येईना. शेवटी बाई आल्या. एका हातात कप, त्यात अर्धाच चहा, बाकीचा बशीत आणि वाटेवर. वहिनींनी तो अर्धा कप अगदी सावकाश, घोट घोट घेत संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी भरायला घेतली. दारात वहिनींनी बाईंच्या कमरेचा सुटलेला पदर पुन्हा घट्ट खोचून दिला.

मेअखेर कामावर रुजू होण्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागणार होता. मी सोबत गेले. डॉक्टरांनी हातपाय तपासले आणि विचारलं, "शाळेत काय काम करायचं आहे तुम्हाला?" बाईंनी सगळा जीव एकवटून एक एक शब्द ठेवला. "उभं राहायचंय. मैदानावर. प्रार्थना संपेपर्यंत." डॉक्टर म्हणाले, "उभ्या राहून दाखवा." बाई खुर्चीतून उठल्या. डॉक्टर पुढचा पेशंट तपासू लागले, मग त्याच्या पुढचा. बाई भिंतीला न टेकता उभ्या. मीच मनातल्या मनात पाय बदलत होते. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी कागद ओढला आणि बाईंकडे न पाहताच म्हणाले, "बसा आता. लिहून देतो."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी पोस्टात अर्ध्या दिवसाची रजा टाकून फाटकाशी उभी होते. आवाज पूर्वीचा नव्हता. थोडा बोबडा, थोडा अडखळणारा. पण "सावधान" आलं आणि सातशे मुलींच्या टाचा जुळल्या. ग्रंथालयाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पळून दाखवणं त्यांना आता शक्य नव्हतं, म्हणून त्या मोठ्या मुलींना पळायला लावत आणि लहान मुलींना त्यात काय बरोबर, काय चूक ते ओळखायला लावत. मला तर वाटतं, पूर्वीपेक्षा जास्त शिकवायच्या.

त्या वर्षीची एक गोष्ट मला त्यांच्या सहकारी बाईंनी सांगितली. पाचवीतली एक नवी मुलगी बाईंच्या मागे त्यांच्यासारखी पाय फरफटवत चालून दाखवत होती, मुली फिदीफिदी हसत होत्या. बाई वळल्या. बाईंनी तिला जवळ बोलावलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. बाई म्हणाल्या, "चुकलं तुझं. पाय... ओढायचा नाही. बाहेरून फिरवायचा. असा. कर." पोरीनं रडत रडत तसं केलं. "आता मैदानाच्या... त्या टोकापर्यंत जा." ती गेली आणि धापा टाकत परत आली. बाईंनी विचारलं, "दमलीस?" ती म्हणाली, "हो." बाई म्हणाल्या, "मी रोज... जाते." आणि तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. पुढं ती मुलगी शाळेच्या संघाची कप्तान झाली.

नोकरीची उरलेली वर्षं बाईंनी मैदानावरच पूर्ण केली. निवृत्तीनंतर त्या थांबल्या नाहीत. कुणी सांगितलं, अमक्याकडे पक्षाघात झालाय, की त्या जाऊन बसत. सल्ला देत नसत. नुसत्या बसत आणि निघताना स्वतः उठून, चालून दाखवत. सांगायच्या, "मी बोलून काय उपयोग? त्यांना... बघू दे." त्यातच त्र्यंबकेश्वरचे एक फुलवाले होते, नाना म्हणायचे सगळे त्यांना. देवळाच्या वाटेवर त्यांचं हारांचं दुकान. आजारानंतर दोन वर्षं ते माडीवरून खाली उतरले नव्हते. बाई दर गुरुवारी सीबीएस स्टँडवरून एकट्या एसटीनं त्र्यंबकला जात. नाना आधी त्यांच्यावर चिडायचे, मग वाट बघायला लागले. मी एकदा सोबत गेले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "नाना, मी किती वेळा येऊ? एकदा तुम्ही... माझ्याकडे या. न्यायला कुणी येणार नाही." नाना हसले होते. "बाई, मला जिन्यापर्यंत जाऊ दे आधी."

दोन हजार सातच्या थंडीत बाई गेल्या. झोपेत, दुसऱ्या झटक्यानं. वहिनी नामपूरहून आल्या. शाळेच्या किती बॅचेसच्या मुली आल्या त्याला गणती नाही. नोकरदार, सासुरवाशिणी, एक तर पोलिसाच्या गणवेशात. मी रडले, पण मान ताठ ठेवून रडले. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते की ही आमची बाई.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाईंच्या घराची बेल वाजली. मी दार उघडलं. दारात नाना. पांढरा सदरा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या कोपरात अडकवलेली फुलांची पुडी. चेहरा घामानं डबडबलेला आणि आनंदानं उजळलेला. मागे रिक्षा नव्हती, मुलगा नव्हता, कुणीच नव्हतं. त्र्यंबकहून एसटीनं सीबीएस आणि तिथून चालत. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आम्हाला सुचलं नव्हतं. गेल्या गुरुवारी बाई आल्या नाहीत म्हणून आज आपणच जाऊन त्यांना चकित करावं, असं मनाशी ठरवून ते निघाले होते.

"बाई आहेत ना?" त्यांनी विचारलं. "सांगा, एकटा आलोय."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. नानांनी काठीवर भार टाकला. मी म्हटलं, "आत या, बसा." त्यांनी मान हलवली. "थोडा वेळ उभाच राहतो," ते म्हणाले.

आतून वहिनींनी विचारलं, "कोन शे व?"

मी दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "बाईंचे विद्यार्थी आलेत."